आधी क्रम, मग पानं

अक्कलकोट तालुक्यातल्या दुधनीची बाजारपेठ तुरीची. कर्नाटकची हद्द जवळच आणि पलीकडे कलबुर्गी, जिथल्या तूरडाळीला २०१९मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. माल कुठं न्यायचा हा प्रश्न इथे हंगामात पडतोच, आणि उत्तर हल्ली मोबाइलवर शोधलं जातं. राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर रोजचे भाव तक्त्यात मिळतात: बाजार समिती, जात/प्रत, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर.

असा तक्ता स्वतः बांधायला घेतला तर त्याला दोन सोयी जोडाव्या लागतात. स्तंभाच्या शीर्षकावर टिचकी मारली की ओळी चढत्या किंवा उतरत्या क्रमाने लागल्या पाहिजेत, आणि शेकडो ओळी एकदम अंगावर न येता पानापानाने दिसल्या पाहिजेत. डेटाटेबल्स ही या कामाची जुनी, लोकप्रिय लायब्ररी. काही सांगितलं नाही तर ती एका पानावर १० ओळी दाखवते. बरेच जण मात्र क्रम लावायचं काम स्वतःच लिहितात, आणि तिथेच घोळ होतो.

जावास्क्रिप्टचं साधं सॉर्ट आकड्यांनाही अक्षरांसारखं डावीकडून वाचतं. त्याच्या लेखी ९८०० हे १०२००पेक्षा मोठे, कारण ९ हा १च्या पुढचा. भाव चार आकडी आहेत तोवर ही चूक दिसतच नाही. अक्षरांनी लावा की आकड्यांनी, क्रम एकच येतो. मग २०२४सारखं साल येतं, तूर दहा हजारांच्या वर जाते आणि सर्वांत चढा भाव देणारी समिती उतरत्या क्रमात यादीच्या तळाशी जाऊन बसते. पान बंद पडत नाही, कुठे लाल इशारा येत नाही. आवकेच्या स्तंभात मात्र पहिल्याच दिवशी पितळ उघडं पडतं, कारण तिथे ३, ४५ आणि १२०० क्विंटल एकाच यादीत असतात. तपासायचं तर आवक तपासावी.

देवनागरी आकड्यांची आणखी वेगळी तऱ्हा. जावास्क्रिप्टचं ‘नंबर’ हे फंक्शन ‘१०२००’ला संख्याच मानत नाही. म्हणून साठवताना इंग्रजी आकडे, दाखवताना मराठी. नावांचंही तसंच: युनिकोडमध्ये ळ हा ल आणि व यांच्यामध्ये बसवलेला, आपल्या मुळाक्षरांत तो हच्या पुढे. त्यामुळे संगणक काळे आधी आणि कावळे नंतर लावतो, मुळाक्षरं पाठ असलेला माणूस उलटं. भाषेनुसार क्रम लावणारी सोय ब्राउझरमध्ये आहे, पण ती मुद्दाम मागावी लागते.

सगळ्यात महागात पडते ती पानांची गफलत. सर्व्हरकडून पहिल्या पानाच्या १० ओळी आणल्या आणि ब्राउझरने त्या दहांतच क्रम लावला, तर वर येतो तो त्या दहांतला चढा भाव. खरा चढा भाव सहाव्या पानावर पडून असतो. आधी सगळ्या यादीचा क्रम लागला पाहिजे, मग पानं पडली पाहिजेत. एका दिवसाच्या काहीशे ओळी असतील तर सगळ्याच ब्राउझरकडे देऊन टाकाव्यात, असं माझं मत. अनेक वर्षांच्या लाखो नोंदी असतील तर क्रम डेटाबेसनेच लावायचा, आणि क्रम बदलला की वाचकाला पहिल्या पानावर आणायचं. बरोबरीचाही विचार हवा. पाच समित्यांचा दर सारखाच असला तर डेटाबेस त्यांना दर वेळी त्याच क्रमाने देईल याची हमी नसते. मग एखादी समिती दोन पानांवर दिसते आणि दुसरी कुठेच नाही. दुसरा निकष म्हणून नोंदीचा क्रमांक जोडला की भागतं.

प्रत्येक स्तंभाला क्रमाचा बाण लावायची हौस मात्र आवरावी. परिमाणाच्या स्तंभात सगळीकडे क्विंटलच असेल तर क्रम कसला लावणार? मोबाइलवर सात स्तंभ मावत नाहीत. समितीचं नाव डावीकडे खिळवावं, सर्वसाधारण दर त्याला लागून ठेवावा, बाकीचे सरकवून बघता यावेत. आणि खाली नुसतं १, २, ३ न लिहिता ‘६४ पैकी १ ते १०’ असं लिहावं. नाहीतर पहिल्याच पानावर यादी संपली असं समजून माणूस गाडी भरायला घेतो.