घराजवळील बेडकांचीं छायाचित्रें

मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडून गेला कीं निगडी-आकुर्डीपासून चाकणपर्यंत जेथें जेथें पाणी सांचतें, तेथें तेथें रात्रीं बेडकांचा घोष सुरू होतो. हल्लीं बहुतेक घरीं छायाचित्र घेणारा मोबाइल असतोच. तेव्हां या शेजाऱ्यांचीं चित्रें कशीं घ्यावीं, याचा थोडा विचार करूं.

प्रथम बेडूक आणि भेक यांतील भेद ध्यानांत घ्यावा. रस्त्यावरील दिव्याखालीं किडे टिपीत बसलेला, कोरड्या व खडबडीत कातडीचा जो प्राणी दिसतो, तो भेक. त्याच्या डोळ्यांमागें दोन फुगीर ग्रंथि असतात. संकटसमयीं त्यांतून विषारी, दुधासारखा रस स्रवतो. बेडकाची कातडी ओलसर व मागचे पाय लांब असतात. डबक्यांतील मोठ्या बेडकाचा नर एरवीं हिरवट-तपकिरी असतो. परंतु पहिल्या पावसांत तो हळदीसारखा पिवळा होतो आणि ओरडतांना त्याच्या गळ्याजवळ दोन निळ्या पिशव्या फुगतात. हें दृश्य थोडेच दिवस टिकतें. भेकाची मादी मण्यांच्या सरीप्रमाणें लांब दोऱ्यांत अंडीं घालिते. तर कधीं न्हाणीघरांत शिरणारा झाडावरील बेडूक पाण्यावर झुकलेल्या पानांत फेसाचें घरटें करितो. म्हणून केवळ प्राण्याचें नव्हे, तर अंड्यांचें व जागेचेंही चित्र घ्यावें.

चित्र उभ्यानें घेऊं नये. ओणवें होऊन मोबाइल बेडकाच्या डोळ्याच्या पातळीवर आणावा व तो डोळा स्पष्ट उमटेल असें करावें. विजेरीचा प्रकाश समोरून न टाकितां बाजूनें, पातळ पांढऱ्या कागदांतून पाडावा. म्हणजे ओल्या कातडीवरील चकाकी कमी होते. आवाज थांबला तर आपणही थांबावें. थोड्या वेळानें तो पुन्हां सुरू होतो.

चित्र चांगलें यावें म्हणून बेडकास उचलून हवा तेथें बसविणें मात्र गैर होय. तो कातडीनेंही श्वास घेतो. आपल्या हातांवरील साबण वा डांसांसाठीं लाविलेलें मलम त्यास अपायकारक होतें. भेकास हात लागलाच, तर डोळ्यांस न लावितां धुवावा. बेडकांमागोमाग सर्पही येतात. यास्तव पायांत बूट व बरोबर कोणी वडील मनुष्य असावा.

येथें माझी एक चूक सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं चाकणच्या बाजूस एका डबक्यांत मीं पिवळ्या बेडकांचें सुंदर चित्र घेतलें. पण तारीख व ठिकाण लिहून ठेविलें नाहीं. पुढें त्या बाजूस भराव पडून इमारती उठल्या. तें डबकें नेमकें कोठें होतें, हें आज मला सांगतां येत नाहीं. चित्र आहे, पण त्याची साक्ष गेली.

आपल्या ओळखीच्या प्राण्यांविषयीं सर्व कांहीं कळून चुकलें आहे, असें कोणी समजूं नये. पश्चिम भारतांतील, जमीन उकरून राहणाऱ्या बेडकाची ‘स्फेरोथेका पश्चिमा’ ही जात शास्त्रज्ञांनीं नव्यानें नोंदिली ती २०१७ सालीं!

तेव्हां प्रत्येक चित्राबरोबर तारीख, वेळ, ठिकाण व पावसाची स्थिति वहींत लिहावी आणि पुढील वर्षीं तेंच ठिकाण पुन्हां पाहावें. पालकांस विनंती इतकीच कीं, मूल रात्रीं विजेरी मागूं लागलें तर रागावूं नये; शक्य तर स्वतः बरोबर जावें. आपल्या अंगणापलीकडील कोणता आवाज टिकला व कोणता मावळला, हें उद्यां त्या वहीवरूनच कळेल.