विश्लेषण : खासदार उद्धवसेनेचा, आमदार मात्र महायुतीचे! परभणीत नेत्यांची लोकप्रियता नेमकी कशावर ठरते?

एकच मतदारसंघ, तेच मतदार आणि मधे सात महिन्यांहून कमी काळ. २६ एप्रिल २०२४ रोजी परभणी लोकसभा मतदारसंघात मतदान झाले आणि उद्धवसेनेचे संजय जाधव १ लाख ३४ हजार मतांनी निवडून आले. २० नोव्हेंबरला विधानसभेसाठी मतदान झाले, तेव्हा याच मतदारसंघातील सहापैकी फक्त परभणी शहराची जागा राहुल पाटील यांच्या रूपाने उद्धवसेनेकडे राहिली. जिंतूर आणि परतूर भाजपकडे, पाथरी अजित पवार गटाकडे, घनसावंगी शिंदेसेनेकडे आणि गंगाखेड रासपकडे गेले. एवढ्या लवकर मन कसे बदलले?

लोकप्रियता मोजतात कशी?

अमेरिकेत अध्यक्षांच्या कामगिरीवर लोक समाधानी आहेत का, हा प्रश्न गॅलप संस्था १९३०च्या दशकापासून विचारते. जॉन म्युलर या अभ्यासकाने १९७० मध्ये या आकड्यांचा माग काढला. काळ जाईल तसा पाठिंबा ओसरतो, मंदी आली की घसरतो आणि युद्ध वा संकटात तात्पुरता उसळतो, असे त्याला दिसले. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर जॉर्ज बुश यांचा पाठिंबा ९० टक्क्यांवर गेला होता. २००८च्या मंदीत तो २५ टक्क्यांवर आला. आपल्याकडे लोकनीती-सीएसडीएस किंवा ‘मूड ऑफ द नेशन’ ही पाहणी देश आणि राज्य पातळीवरची. एका जिल्ह्यापुरते त्यातून फारसे हाती लागत नाही. तिथे मतपेटी हेच मोजमाप.

मताधिक्य म्हणजे लोकप्रियता नव्हे

जाधव यांना २०१४ मध्ये ५.७८ लाख, २०१९ मध्ये ५.३९ लाख आणि २०२४ मध्ये ६.०१ लाख मते मिळाली. चढउतार फार नाही. मताधिक्य मात्र १.२७ लाखांवरून ४२ हजारांवर आले आणि पुन्हा १.३४ लाखांवर गेले. म्हणजे समोर कोण आहे आणि उरलेली मते कशी विभागतात, यावर बरेच अवलंबून. २०१९ मध्ये वंचितच्या उमेदवाराने दीड लाखाच्या आसपास मते घेतली होती. २०२४ मध्ये समोर होते साताऱ्याचे महादेव जानकर; ‘बाहेरचा उमेदवार’ हा मुद्दा गाजला. त्यातच शेजारच्या जालना जिल्ह्यातून उठलेले मराठा आरक्षणाचे आंदोलन तापलेले होते.

राजेश विटेकर यांचे उदाहरण बोलके आहे. २०१९च्या लोकसभेत ते जाधव यांच्याकडून हरले आणि २०२४ मध्ये पाथरीचे आमदार झाले. खासदार निवडताना मतदाराला पडणारा प्रश्न वेगळा असतो, आमदार निवडताना वेगळा.

सोयाबीन की दीड हजार?

२०२४-२५साठी सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता. बाजारात भाव त्याखाली राहिला. सप्टेंबरच्या सुरुवातीला अतिवृष्टीने उभे पीक पाण्यात गेले. केवळ भावावर मत ठरत असते, तर नोव्हेंबरमध्ये सत्ताधाऱ्यांची धूळधाण व्हायला हवी होती.

जूनअखेर जाहीर झालेल्या लाडकी बहीण योजनेचे पैसे ऑगस्टपासून खात्यात येऊ लागले. मतदानापूर्वी पाच हप्ते, म्हणजे ७,५०० रुपये जमा झाले होते. आता हिशेब पाहा : क्विंटलमागे हमीभावापेक्षा ५०० रुपये कमी मिळाले, तर १५ क्विंटलवर तोटाही बरोबर ७,५०० रुपयांचाच. पण तोटा आडतीवर, बहुतेकदा घरच्या पुरुषाच्या हातात पडतो आणि त्याचा दोष व्यापारी, आयात, पाऊस अशा अनेकांवर जातो. हप्ता थेट बाईच्या खात्यात येतो, तोही सरकारचे नाव घेऊन. शिवाय तो मतदानाच्या तोंडावर आलेला. निकालाचे सारे श्रेय योजनेला देणे अर्थात घाईचे ठरेल. घनसावंगीत तर फरक अडीच हजार मतांच्या आतला होता.

पुढे काय?

हप्ता २,१०० रुपये करण्याचे आश्वासन होते. २०२५ मध्येही तो १,५०० रुपयेच राहिला. सप्टेंबर २०२५च्या पुराने मराठवाड्यातील खरीप पुन्हा धुऊन नेला. जाहीरनाम्यातील कर्जमाफीवर ३० जून २०२६पर्यंत निर्णय घेऊ, असे सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितले आहे. ती तारीख पडते ती नेमकी पेरणीच्या दिवसांत.