सेरोटोनिन ग्रहण, तंत्रिका तंत्राबाहेरील

सेरोटोनिन (५–हायड्रॉक्सिट्रिप्टामीन) हे ट्रिप्टोफॅन या ॲमिनो अम्लापासून शरीरात तयार होणारे संयुग आहे. मेंदूतील संदेशवाहक म्हणून ते परिचित असले, तरी शरीरातील सु. ९०% सेरोटोनिन आतड्यात, मुख्यत्वे तेथील क्रोमॅफिनसदृश कोशिकांत असते. १९४८ मध्ये रॅपोर्ट, ग्रीन व पेज यांनी ते रक्तरसातून अलग केले.

आतड्यातून रक्तात आलेले सेरोटोनिन बिंबाणू (रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या कणिका) शोषून घेतात. बिंबाणू ते स्वतः जवळजवळ तयार करीत नाहीत. ग्रहण दोन टप्प्यांत होते. प्रथम बाह्य पटलातील वाहक प्रथिन सोडियम व क्लोराइड आयनांबरोबर सेरोटोनिन आत आणते आणि पोटॅशियम आयन बाहेर सोडते. नंतर दुसरे वाहक प्रथिन ते कोशिकेतील दाट कणिकांत साठविते. जखम झाल्यावर हा साठा मुक्त होऊन रक्तवाहिनीचे आकुंचन व बिंबाणूंचे एकत्रीकरण यांस मदत होते.

आतड्याच्या अस्तरातील कोशिका व फुप्फुसांतील केशवाहिन्यांचे अंतःस्तरही सेरोटोनिन शोषतात. मात्र तेथे ते साठविले न जाता मोनोअमाइन ऑक्सिडेज एंझाइमाने त्याचे विघटन होते. त्यामुळे त्याची क्रिया वेळीच थांबते. आतड्यातील विशिष्ट अर्बुदांतून ते अतिरिक्त प्रमाणात रक्तात आल्यास हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपा अधिक बिघडतात. डाव्या बाजूस फुप्फुसांतील हे निष्क्रियीकरण बरेच संरक्षण देते.

सर्पगंधेचा या विषयाशी निकट संबंध आहे. मुंबईचे हृद्‌रोगतज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये उच्च रक्तदाबावरील तिच्या उपयोगाचा अहवाल प्रसिद्ध केला. १९५२ मध्ये तिच्यातून रिसर्पीन हे अल्कलॉइड अलग करण्यात आले. ते साठवणीचा दुसरा टप्पा रोखते. परिणामी बिंबाणू, आतडे व मेंदू यांतील सेरोटोनिनचा साठा घटतो. रक्तदाब उतरतो तो मुख्यत्वे याच क्रियेने नॉरॲड्रेनॅलिनाचा साठा घटल्यामुळे.

फ्लुओक्सेटीनासारखी अवसादरोधी औषधे पहिला टप्पा रोखतात. वाहक प्रथिन मेंदूत व बिंबाणूंत एकच असल्याने मनासाठी घेतलेल्या औषधाचा परिणाम रक्तावरही होतो. ॲस्पिरिन किंवा तत्सम वेदनाशामके जोडीने घेतल्यास जठरांत्र मार्गातील रक्तस्रावाचा धोका वाढतो. म्हणून रुग्णाने आपण घेत असलेली सर्व औषधे वैद्यास सांगणे आवश्यक असते.