गुलाबाच्या हंगामानंतर

मुहूर्त गुरुजी काढतात, असं आपण म्हणतो. माझ्या भाचीच्या लग्नाचा मुहूर्त आधी गुलाबांनी ठरवला, मग दहावीच्या परीक्षेने आवळला, आणि मधे जे चार-पाच दिवस शिल्लक राहिले त्यांतला एक गुरुजींनी आम्हाला दिला.

नवरदेव मावळात पवनेच्या खोऱ्यात एका पॉलिहाऊसवर सुपरवायझर आहे. भाची लोणावळ्यातल्या एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला. म्हणजे एकाचा हंगाम 14 फेब्रुवारीला संपतो, आणि दुसरीला एप्रिल-मे, पावसाळ्यातले शनिवार-रविवार आणि नाताळ ते 31 डिसेंबर एवढे दिवस सोडून केव्हाही रजा मिळते. तुळशीचं लग्न झाल्यावर मुहूर्त होते, पण तेव्हा गुलाबाची छाटणी. पौषात मुहूर्त बघायचाच नसतो. एप्रिल-मे घ्यावा तर हॉटेल भरलेलं. शेवटी व्हॅलेंटाइन संपल्यावरचा आठवडा बरा वाटला, तर ताईच्या लक्षात आलं की 20 तारखेच्या आसपास दहावीची परीक्षा सुरू होते आणि भावकीत तीन पोरं दहावीला आहेत. पोरं दहावीला म्हणजे त्यांच्या आयाही दहावीला. त्यांच्याशिवाय हळद कोण लावणार?

मी नवरीचा मामा. मंगलाष्टकांच्या वेळी पाठीमागे उभं राहण्यापलीकडे मामाला फारसं काम नसतं असं बाहेरून वाटतं, पण आमच्या घरात रेल्वेचं तिकीट काढणारा माणूस मी आहे. त्यामुळे बस्ता, मांडवडहाळे, हळद, वरात यांतल्या कशातही माझं मत कुणी विचारलं नाही. हनिमूनची आखणी मात्र सगळी माझ्या जेवणाच्या टेबलावर झाली.

साखरपुडा झाल्यावर, नोव्हेंबरच्या अखेरीस, पाहुण्यांची यादी द्यायच्या निमित्ताने मी नवरदेवाच्या पॉलिहाऊसवर गेलो होतो. प्लास्टिकच्या छताखाली दमट उकाडा, पायात गमबूट, आणि हा दोन वाफ्यांच्या मधे वाकून गुलाबाच्या फांद्या मोडल्यासारख्या करत होता. मोडत नव्हता, वाकवत होता. याला ते बेंडिंग म्हणतात. बारीक, फूल न देणारी फांदी बुंध्याजवळ दाबून आडवी करायची. तुटू द्यायची नाही. तिची पानं झाडाला अन्न पुरवत राहतात, आणि बुंध्यातून नवा जाड कोंब सरळ वर येतो. त्या कोंबाला विकण्याजोगी कळी यायला थंडीत सात आठवड्यांच्या आसपास लागतात. परदेशी जाणारं फूल फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात विमानात हवं, म्हणून तो बोटांवर उलटं मोजून कुठल्या वाफ्यात कधी हात घालायचा ते ठरवत होता. थंडी वाढली की कळी मागे पडते. दोन दिवस ढग आले की दावण्या रोग शिरतो, आणि मग मोजणीला काही अर्थ उरत नाही.

कळी मिटलेली असतानाच तोडतात, लगेच पाण्याच्या बादलीत ठेवतात आणि तिथून दोन ते चार अंशांच्या कोल्ड रूममध्ये नेतात. दांडीच्या लांबीप्रमाणे प्रतवारी होते, वीस-वीसच्या गड्ड्या बांधतात, कळ्यांना नालीदार पुठ्ठ्याचं वेष्टण. मावळातून हा माल मुंबईच्या विमानतळावर जातो, तिथून युरोपपासून ऑस्ट्रेलियापर्यंत कुठेही. अलीकडे दिल्ली-मुंबईच्या बाजारात भाव चांगला मिळतो, म्हणून बराचसा माल देशातच राहतो. वाकड्या दांडीची आणि जास्त उमललेली फुलं सजावटवाले पोत्याने घेऊन जातात. ती लोणावळ्यातल्या खोल्यांमधे चादरीवर बदामाच्या आकारात पसरलेली दिसतात. त्या खोल्यांच्या किल्ल्या माझी भाची देते.

त्यामुळे हनिमूनला कुठे जायचं, हा प्रश्न या दोघांपुढे जरा वेगळाच उभा राहिला. बाहेरच्या लोकांना जे पाहिजे असतं ते सगळं यांच्या दारात आहे. 1863 साली भोर घाटातून रेल्वे आरपार गेली, 1930 पासून डेक्कन क्वीन धावू लागली, तेव्हापासून मुंबईची नवी जोडपी धुकं बघायला खंडाळा-लोणावळ्याला येतात. इथल्या माणसांनी जायचं कुठे? माझ्या आईच्या वेळी जेजुरीला जाऊन आलं की झालं. आम्ही दोघं कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला गेलो आणि पन्हाळ्यावर एक रात्र राहिलो, तीही आईला सांगताना ‘गाडी चुकली’ असं सांगून.

टेबलावर पहिलं नाव आलं महाबळेश्वरचं, ताईकडून. भाचीने मान हलवली. मग मुन्नार. त्याचे फोटो मोबाइलवर बघून नवरदेव म्हणाला, ‘हे लोणावळाच आहे की मामा, चहा लावलेला.’ गोव्याला त्याचे मित्र दर वर्षी जातात, त्यामुळे गोवा बाद. अंदमानचं विमानभाडं बघून आम्ही सगळ्यांनी सेल्युलर जेलला मनातूनच नमस्कार केला. शेवटी भाचीने जे सांगितलं ते माझ्या डोक्यात कधी आलं नसतं. ‘पावसाळाभर आमच्या गाद्यांना वास येतो. खोलीत हवा कोरडी करायची मशिनं लावतो तरी जात नाही. मला कोरडी जागा बघ.’ लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जैसलमेरला दोनशेच्या आसपास. तेच ठरलं.

आता दिवस. कालनिर्णयचं फेब्रुवारीचं पान काढून ताईने पेन्सिल घेतली. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सत्यनारायण. मग जेजुरी, कुलदैवत आहे. गडावर नवऱ्याने नवरीला उचलून निदान पाच पायऱ्या तरी चढायच्या. मग घरी जागरण-गोंधळ, वाघ्या-मुरळी सांगून ठेवलेत. मग मांडवपरतणी. एकविरा काही आमची कुलदेवी नाही, पण कार्ल्याच्या डोंगरावर शेजारीच बसलेली, तिला न भेटता कसं जायचं? आई म्हणाली, हळदीच्या अंगाने लांबचा प्रवास नको. असं करत पानावरचे चौकोन भरत गेले. होळी मार्चच्या सुरुवातीलाच. पहिला सण सासरी झालाच पाहिजे, हा व्याहीबुवांचा निरोप. या सगळ्याच्या मधे जेवढी फट उरली तेवढा हनिमून.

त्या पानाकडे बघताना मला एक गोष्ट जाणवली. हॉल भावकीने ठरवला, पत्रिकेवर कुणाची नावं कुठल्या क्रमाने यावीत ते दोन आजोबा ठरवतायत, मांडवात आशीर्वादाची भाषणं कोण करणार ते गावचे पुढारी ठरवणार, आणि त्या भाषणांमुळे मुहूर्त किती टळणार ते देव ठरवेल. उरलेले पाच दिवस तेवढे या दोघांचे. म्हणून ती दोघं रोज रात्री फोनवर त्याचीच चर्चा करत होती: किती पैसे, कुठल्या बाजूची खोली, उंटावर बसायचं की नाही. संसाराचा पहिला हिशेब त्यांनी तिथेच मांडला, आणि बऱ्यापैकी भांडून मांडला. त्याला तंबूत राहायचं होतं. पवनेच्या काठावरचे तंबू शनिवारी रात्री कसे गाजतात ते ठाऊक असल्याने तिने ते उडवून लावलं.

हॉटेल ठरवताना तिचं काम बघण्यासारखं होतं. संकेतस्थळावरचे फोटो तिने पाहिलेच नाहीत. फोन केला तो दुपारी तीनला. सकाळी चेकआउटच्या वेळी फोन उचलणारा फक्त सुटका करून घेतो, म्हणाली. प्रश्नही ठरलेले: बँक्वेट हॉल कुठल्या मजल्यावर, त्या तारखांना लग्न बुक आहे का, लिफ्टच्या बाजूची खोली नको, गरम पाणी किती वाजेपर्यंत. हनिमून आहे हे मुद्दाम सांगितलं नाही, कारण सांगितलं की केक, मेणबत्त्या आणि पाकळ्या दरात बसतात. ‘पोचल्यावर सांगू. देतील तर देतील.’ पलीकडून नवरदेव फोनवर ओरडला, ‘पाकळ्या नको म्हणावं!’

तिकीट माझ्याकडे. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, पूर्वी ते एकशेवीस होते. साठावा दिवस नाताळानंतरच्या गर्दीतला. ती काउंटरवर, तो वाफ्यात, म्हणून सकाळी आठला मी मोबाइल घेऊन बसलो. पुण्याहून जोधपूरच्या भगत की कोठीला, तिथून दुसऱ्या गाडीने जैसलमेर. नाव टाकताना ताई खांद्यावरून बघत होती. ‘सासरचं नाव घाल की.’ मी म्हटलं, आधार कार्डावर जे आहे तेच घालावं लागतं, टीसीला मंगळसूत्र दाखवून चालत नाही. ग्रामपंचायतीत विवाहनोंदणी होईल, मग बदलायचं तर बदलेल. ताईला पटलं नाही, पण गाडी तोवर भरत आली होती. बोट थांबवायला वेळ नव्हता.

हे लिहितोय तेव्हा तोडणी ऐन भरात आहे. नवरदेव पहाटे घर सोडतो, रात्री कोल्ड रूमला कुलूप लावून येतो, आणि ब्लेझरच्या मापाला त्याला अजून शिंप्याकडे जायला मिळालेलं नाही. थंडी बेताची पडली, माल वेळेवर आला, असं त्याचा मालक खुशीत सांगतो. जातानाचं तिकीट कन्फर्म आहे. परतीचं वेटिंगवर.

ताईने विचारलं, ‘नाहीच झालं कन्फर्म तर?’ भाची म्हणाली, ‘बघू.’ मला काल तिच्या रजेच्या अर्जाचा फोटो तिनेच पाठवला, मामा वाचून बघ म्हणून. त्यात परतीची तारीख तिकिटापेक्षा दोन दिवस पुढची आहे. ताईला मी अजून सांगितलेलं नाही, आणि व्याहीबुवांना होळीचं काय सांगायचं, ते त्यांचा मुलगाच बघेल.