निरीक्षण विहिरीची नोंद आणि सामायिक ग्राउंड

बीड जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेत मोडतो. येथील बेसाल्ट खडकात पाणी साठण्यास वाव थोडा. त्यामुळे भूजलाच्या पातळीवर सतत लक्ष ठेवणे अगत्याचे ठरते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींतील पातळी वर्षातून चार वेळा मोजते. मागील पाच वर्षांच्या सरासरीशी तिची तुलना करून संभाव्य टंचाईचा अंदाज बांधला जातो. १९९५ मध्ये सुरू झालेल्या जलविज्ञान प्रकल्पानंतर राज्यात पातळीची स्वयंचलित नोंद घेणारी उपकरणेही वापरात आली.

अशा उपकरणाचे सर्वसाधारणपणे दोन भाग असतात. पाण्यात सोडलेला सेन्सर दाब मोजतो आणि वर बसविलेला डेटा लॉगर आकडे साठवितो. ‘एसडीआय-१२’ या प्रचलित पद्धतीत दोहोंमध्ये तीनच तारा असतात: १२ व्होल्ट पुरवठा, माहिती व ग्राउंड. माहितीच्या तारेवरून शून्य व पाच व्होल्टच्या आसपासचे संकेत सेकंदाला १२०० या गतीने, एकामागून एक जातात.

परंतु व्होल्ट हे नेहमी दोन बिंदूंमधील अंतर असते. डोंगराची उंची समुद्रसपाटीपासून मोजावी, तसा हा संकेत ग्राउंडपासून मोजला जातो. सेन्सर व लॉगर यांचे ग्राउंड एक नसेल, तर एकाचे ‘पाच’ दुसऱ्याला पाच वाटेलच असे नाही. सेन्सरला स्वतंत्र बॅटरी असल्यास ही चूक हमखास घडते. अशा वेळी दोन्ही बॅटऱ्यांची ऋण टोके जोडलीच पाहिजेत. कधी ओल्या मातीतून संकेताला परतीची वाट मिळते व सारे सुरळीत भासते. उन्हाळ्यात माती सुकली की नोंद तुटते. नेमकी टंचाईच्या दिवसांत.

विजेपासून संरक्षणासाठी जमिनीत पुरलेले अर्थिंग आवश्यकच आहे. मात्र ते या तारेची जागा घेऊ शकत नाही. अर्थिंग एकाच ठिकाणी, लॉगरजवळ करावे आणि केबलचे धातूचे आवरणही त्याच टोकाला जोडावे. तारांच्या रंगांवर न विसंबता उत्पादकाचे माहितीपत्रक पाहावे. प्रथम ग्राउंड, नंतर माहिती व शेवटी पुरवठा, हा जोडणीचा क्रम पाळावा. पुरवठा सुरू असताना दोन्ही ग्राउंडमधील दाब मल्टिमीटरने तपासावा; तो शून्याजवळ असावा.

अखेरीस मोजपट्टी विहिरीत सोडून प्रत्यक्ष पातळी व लॉगरचा आकडा ताडून पाहावा. टँकर कोणत्या गावी पाठवावा, हे ठरविताना अशा आकड्यांचाही आधार घेतला जातो. एका तारेच्या हयगयीने तो आधार डळमळू नये, ही दक्षता प्रत्येक तंत्रज्ञाने घेतली पाहिजे.