‘शेका’चा घाव गाठीवर की गाठीच्या रक्तपुरवठ्यावर?

कॅन्सरच्या पेशंटला डॉक्टरांनी ‘शेक’ म्हणजे रेडिएशन सांगितलं की गावात पहिला प्रश्न ठरलेला असतो. शेकाने गाठ जाळतात का? तर नाही. मशीनमधून येणारे किरण पेशीच्या आतला डीएनए तोडतात. तो दुरुस्त झाला नाही तर पेशी पुढं वाढू शकत नाही आणि मरते.

पण गाठीत नुसत्या कॅन्सरच्याच पेशी नसतात, रक्तवाहिन्याही असतात. बोस्टनचे डॉ. ज्युडा फोकमन यांनी 1971 साली मांडलं की, स्वतःचा रक्तपुरवठा उभा केल्याशिवाय गाठ एक-दोन मिलिमीटरच्या पुढं वाढत नाही. या बारीक वाहिन्या गाठ बाहेरून आणत नाही, पेशंटच्याच शरीराकडून वाढवून घेते. आपल्या भाषेत सांगायचं तर तण आपल्याच ठिबकवर पोसलं जातं.

मग किरणांनी ठिबकच बंद पडलं तर? न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कॅन्सर सेंटरच्या शास्त्रज्ञांनी 2003 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात उंदरांवरचा प्रयोग छापला. काही उंदीर असे घेतले, ज्यांच्या वाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी सहजासहजी मरत नाहीत. नेहमीच्या आणि या उंदरांत एकाच प्रकारच्या गाठी वाढवल्या. चिवट वाहिन्यांच्या उंदरांत गाठ कितीतरी वेगाने वाढली आणि 20 ग्रे पर्यंतच्या एकाच डोसलाही दाद देईना. ग्रे म्हणजे किरणांच्या डोसचं माप. कॅन्सरपेशी त्याच, फरक फक्त वाहिन्यांचा.

यामागचं कारण असं सांगितलं गेलं. एकावेळी साधारण 8 ते 10 ग्रेच्या वर डोस गेला की अस्तराच्या पेशीत सेरामाइड नावाचा पदार्थ तयार होतो. त्याच्या इशाऱ्यावर ती पेशी काही तासांत स्वतःच मरते. रोजच्या शेकात मात्र साधारण 2 ग्रेच देतात, तिथं हा परिणाम फारसा दिसत नाही.

पण यावर सगळ्यांचं एकमत नाही. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने 2015 साली उंदरांवरच दाखवलं की, वाहिन्यांच्या पेशी जास्त मेल्या तरी गाठ बरी होण्याचं प्रमाण वाढलं नाही. कॅन्सरपेशी नाजूक केल्या तेव्हाच ते वाढलं. शिवाय वाहिनी बंद पडली की ऑक्सिजन तुटतो, आणि ऑक्सिजन नसलेली पेशी मारायला जवळपास तिप्पट डोस लागतो. म्हणजे पाणी तोडणं दर वेळी फायद्याचंच असं नाही.

आता आपल्या कामाचं. शेजारच्याला 5 शेकांत मोकळं केलं, मला 30 का, असं पेशंट विचारतात. गाठ कुठं आहे, केवढी आहे, शेजारी कुठला नाजूक अवयव आहे, यावर ते ठरतं. थोडा थोडा डोस दिला की मधल्या वेळेत चांगल्या पेशी सावरतात आणि गाठीच्या आतल्या भागाला पुन्हा ऑक्सिजन मिळतो, मग पुढचा डोस जास्त लागू पडतो.

म्हणून बरं वाटलं, पेरणी आली, गाडीभाड्याला पैसे नाहीत, अशा कारणांनी शेक मधेच सोडू नका. खाडा पडला की उरलेल्या कॅन्सरपेशींना वाढायला वेळ मिळतो. अडचण असेल तर आधी डॉक्टरांना सांगा, राहण्या-खाण्याच्या सोयीबद्दल दवाखान्यातल्या समाजसेवा विभागात विचारा. पण शेक पूर्ण करा.