मुका ‘के’

गेल्या महिन्यांतील गोष्ट. परवचा आटोपून आमचा नातू इंग्रजी शब्द घोकीत बसला होता. नाइफ् म्हणजे सुरी, नी म्हणजे गुडघा, नॉट् म्हणजे गांठ, नो म्हणजे जाणणें. प्रत्येक शब्दाचें स्पेलिंग ‘के’ आणि ‘एन्’ या जोडीनें सुरू होत होतें, पण ‘के’चा उच्चार कोठेंच नव्हता. थोड्या वेळानें तो थांबला व म्हणाला, “आजोबा, म्हणायचा नाहीं तर हा ‘के’ लिहायचा कशाला?”

हाच प्रश्न मला पूर्वीं एकदां विचारण्यांत आला होता. मी शिक्षक असतांना एका विद्यार्थ्यानें भर वर्गांत ‘क्नाइफ्’ असें वाचलें आणि हंशा पिकल्यावर मलाच विचारलें कीं, अक्षर आहे तर तें वाचूं नये कां? मला उत्तर येत नव्हतें. तें कबूल करण्याऐवजीं मीं त्याला तास संपेपर्यंत बांकावर उभें केलें. वस्तुतः तो मुलगा चुकला नव्हता. तीनशें वर्षें उशिरा जन्मला होता, इतकेंच.

सोळाव्या शतकापर्यंत इंग्रज लोक हा ‘के’ स्पष्ट उच्चारीत. कॅक्स्टननें १४७६ सालीं वेस्टमिन्स्टर येथें छापखाना घातला, तेव्हां जें कानांवर पडे तेंच खिळ्यांनीं जुळविलें जाई. सतराव्या शतकांत ‘न’च्या आधींचा ‘क’ बोलण्यांतून गळूं लागला; पण तोंवर लेखनाची घडी बसत आली होती. १७५५ मध्यें जॉन्सनचा कोश निघाला, त्यांतही ‘के’ जागचा हलला नाहीं. जर्मन लोक गुडघ्याला अद्यापि ‘क्नी’च म्हणतात.

परंतु आम्हां संस्कृत शिकलेल्यांना खरी मौज पुढेंच आहे. विल्यम जोन्स यांनीं १७८६ मध्यें कलकत्त्यास संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचें मूळ एक असावें, असें प्रतिपादन केलें. पुढें १८२२ मध्यें याकोब ग्रिम या जर्मन पंडितानें वर्ण कसे बदलले याचे नियम मांडले. त्यांपैकीं एक असा कीं, संस्कृतांत जेथें ‘ग’ किंवा ‘ज’ येतो, तेथें इंग्रजींत बहुधा ‘क’ सांपडतो. गो म्हणजे ‘काउ’, युग म्हणजे जूं, तें ‘योक्’. जन या कुळांतला ‘किन्’ म्हणजे आप्त. आतां हाच नियम ‘नो’ या शब्दाला लावून पाहावा. मुका ‘के’ बोलका केला कीं ‘क्नो’. आणि ‘क’च्या जागीं ‘ज’ ठेवला कीं आपला ‘ज्ञा’ धातु समोर उभा राहतो! लॅटिनमधून आलेला ‘इग्नोरंट्’ तर आपल्या ‘अज्ञ’ शब्दाचा सख्खा भाऊ. आरंभीचा नकारसुद्धां तोच.

गुडघ्याचेंही तसेंच. आपला शब्द जानु. त्यांत ‘ज’ व ‘न’ यांमध्यें स्वर आहे, मग ‘क्नी’शीं मेळ कसा बसावा, अशी शंका कोणी काढील. तिचें उत्तर पाणिनीनें देऊन ठेविलें आहे. अष्टाध्यायीच्या पांचव्या अध्यायांत त्यानें सांगितलें आहे कीं, प्र व सम् यांच्यापुढें बहुव्रीहींत जानु शब्दाचा ‘ज्ञु’ होतो. ज्याचे गुडघे एकमेकांना लागतात तो संज्ञु. इंग्रजींत त्याला ‘नॉक्-नीड्’ म्हणतात, आणि त्या शब्दांत तर मुके ‘के’ दोन!

‘निट्’ म्हणजे विणणें, याचा मूळ अर्थ गांठ मारणें; म्हणजे ‘नॉट्’चीच ती बहीण. हें ऐकून आमच्या सूनबाईंनीं हातांतली लोकर क्षणभर बाजूस ठेविली. ‘नाइट्’ आणि ‘नेव्ह्’ या जोडीची कथा मात्र थोडी विषादाची आहे. दोहोंचाही अर्थ प्रथम केवळ ‘पोरगा’, मग ‘चाकर’. एकाला राजाच्या पदरीं घोडा मिळाला आणि तो सरदार झाला. दुसरा लबाड ठरून पत्त्यांतला गुलाम झाला. शब्दांचें दैवही माणसांसारखेंच. आपल्याकडे ‘साहस’ शब्दाचें उलट झालें. धर्मशास्त्रांत साहस म्हणजे बळजबरीचा अपराध. आज त्याबद्दल मुलांना बक्षिसें मिळतात.

मी असा रंगांत आलों असतां नातवानें मध्येंच अडविलें. “आजोबा, पण आपण तरी ‘ज्ञ’मध्यें ‘ज’ कुठें म्हणतों?” पोराचें बोलणें खरें होतें. लिहितांना ज् आणि ञ. आपण मराठी माणसें म्हणतों ‘द्न्य’, हिंदी बोलणारे ‘ग्य’, गुजराती ‘ग्न’. जन्मभर ‘ज्ञान’ हा शब्द फळ्यावर लिहिला, पण इंग्रजांच्या ‘के’ला हंसतांना आपल्या ‘ज’ची आठवण मला कधीं झाली नाहीं.

बांकावर उभा राहिलेला तो विद्यार्थी आतां चाळिशी ओलांडलेला गृहस्थ आहे. दर दसऱ्याला सोनें द्यावयास येतो, वांकून नमस्कार करतो. तो प्रसंग त्यानें कधीं काढला नाहीं, मींही नाहीं. यंदां आला म्हणजे त्याला जवळ बसवून ‘के’ची सारी हकीकत सांगावयाची, असें मीं ठरविलें आहे. त्या दिवशीं मला उत्तर येत नव्हतें, हेंही सांगावें लागेल.